घराला कुलूप लावून केलेला नाताळ

ते मोटरहोम माझ्या नवऱ्याच्या अर्बाबचं, म्हणजे मालकाचं. जग फिरायला निघालेल्या कुणा गोऱ्या जोडप्याने ते मस्कतमध्ये विकून टाकलं आणि अर्बाबने हौसेने घेतलं. मग वर्षभर ते गाला नावाच्या भागातल्या त्याच्या गॅरेजच्या मागे धूळ खात पडलं होतं. नवऱ्याने ते खटपट करून चालतं केलं, तेव्हा अर्बाब म्हणाला, "यल्ला, चल, चार दिवस फॅमिलीला घेऊन जा. काय काय बिघडतं ते तरी कळेल." नवरा हे घरी येऊन असं सांगत होता की जणू त्याला बक्षीस लागलंय. मी म्हटलं, वा, म्हणजे गाडी त्यांची आणि रस्त्यात अडकायचं आपण. पण तोंडाने असं म्हणत असताना मी मनात पांघरुणं मोजायला लागले होते.

कारण मला नाताळात घरी राहायचं नव्हतं. जूनमध्ये आई गेली. आमच्याकडे वसईला ज्या घरात माणूस गेलेलं असतं, त्या घरी त्या वर्षी नाताळ नसतो. कंदील लावायचा नाही, येशूजन्माचा गोठा करायचा नाही, गोडधोड तळायचं नाही. मस्कतला अल मवालेहच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र डिसेंबर लागल्यापासून निम्म्या गॅलऱ्यांत चांदण्या लटकत होत्या. नोव्हेंबरात मी पपांना वसईहून आणलं होतं. ते संध्याकाळी गॅलरीत बसून त्या चांदण्या बघत राहायचे, आणि मला आत स्वयंपाकघरात काही सुचायचं नाही. त्यांना अशा जागी न्यावं जिथे कुणी कंदील लावत नाही, कुणी केक कापत नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

आणखीही एक गोष्ट होती. पपांचं परतीचं तिकीट दोन जानेवारीचं होतं आणि त्यांनी जाऊच नये अशी माझी इच्छा होती. व्हिसा वाढवून घेऊ, मग पुढचं पुढे बघू, असं मी त्यांना दोनदा सुचवलं होतं. दोन्ही वेळा ते "बघू" म्हणाले होते. वसईच्या त्या घरात एकटा म्हातारा माणूस, भात लावला की विसरणारा. छे. त्या चार दिवसांत त्यांच्याकडून "हो" काढून घ्यायचं, असं मी ठरवलंच होतं.

चोवीस तारखेला सकाळी निघालो. मोटरहोम डावीकडे वळलं की आपोआप हॉर्न वाजायचा. नवऱ्याने ते वहीत टिपून ठेवलं. माझी बारा वर्षांची लेक वरच्या बिछान्यावर पालथी पडून खिडकीतून डोंगर बघत होती. पपा मागच्या बाकावर टेबलाशी बसले होते, पडदा अर्धा ओढून. रस्ता सरळ, डोंगर तांबूस, आणि एका बाजूला समुद्र येई, जाई, पुन्हा येई. गाडीच्या डुलण्याने आम्हा सगळ्यांनाच गुंगी आली होती. कपाटातल्या बशा बारीक किणकिणत होत्या. मला वाटत होतं, हे असंच चालू राहावं, कुठे पोचूच नये. घरात चूल आहे, बिछाना आहे, पपा आहेत, आणि घर चाललंय.

सूर शहराच्या अलीकडे रस्ता सोडून आम्ही पांढऱ्या खड्यांच्या एका किनाऱ्यावर उतरलो. वसईला या दिवसांत पहाटेच्या गारठ्यात दातांवर दात आपटतात. इथे लेक दुपारभर पाण्यात होती आणि समुद्र कोमट होता. पपा चपला हातात धरून काठाने चालत होते. पाणी इतकं स्वच्छ होतं की त्यांच्या पावलांच्या शिरासुद्धा दिसत होत्या. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "तुझ्या आईला एवढं निळं पाणी बघून..."

"पपा, ते बघा, कासव आहे का?" मी म्हटलं.

कासव नव्हतं, दगड होता. पपांनी तो नीट बघितला आणि ते काठाने पुढे चालायला लागले.

नाताळची सकाळ उजाडली ती कसलीही गडबड न होता. मी डोळे उघडले तेव्हा मोटरहोमच्या छतावर पाण्याचा उजेड हलत होता. किती वाजले, आज कुठला वार, काही कळेना. लाटेचा आवाज अगदी उशाशी. आपण जिंकलो असं मला वाटलं. पंचवीस तारीख आली होती आणि तिने आम्हाला शोधून काढलं नव्हतं.

थोड्या अंतरावर एक ओमानी कुटुंब उतरलं होतं. पिकअप, चटई, पाचसहा मुलं. नाश्त्यानंतर त्यांच्यातले आजोबा पांढऱ्या पायघोळ दिशदाशात सावकाश चालत आले. एका हातात कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास, दुसऱ्या हातात स्टीलची थाळी, तीत खजूर आणि केशरी हलवा. मोडक्या हिंदीत म्हणाले, "बाबा, खाओ. तुम मेहमान है." आज आमचा सण आहे हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. पपांनी दोन्ही हातांनी थाळी घेतली. दुखवट्याच्या वर्षी करायचं नसतं, पण कुणी दिलेलं नाकारायचंही नसतं.

हलवा खाऊन झाला, थाळी धुऊन झाली. ती परत द्यायची तर रिकामी कशी द्यायची? मी बिस्किटांचा पुडा काढला. पपांनी मान हलवली. "दुकानातलं काय देतेस? घरातलं घाल. साखर तरी घाल." मी मूठभर साखर घातली, ते स्वतः थाळी देऊन आले, आणि परत येऊन दाराच्या पायरीवर बसले ते उठेचनात.

मग एकदम म्हणाले, "आज आपल्याकडे ताटं आली असतील."

मला क्षणभर समजलं नाही, मग आठवलं. दुखवट्याच्या घरात तळत नाहीत, म्हणून नाताळच्या सकाळी आळीतल्या प्रत्येक घरातून त्या घरी ताट जातं. वर विणलेला रुमाल, खाली तळलेले गोड फुगे, करंज्या. बायका ताट ठेवतात, घडीभर बसतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, रडतात, हसतातही. आईने अशी कितीतरी ताटं नेली होती. कधीकधी मीही तिच्या मागे रुमाल धरून गेले होते. आणि हे सगळं माहीत असून मी पपांना तिथून उचलून आणलं होतं.

"घराला कुलूप आहे ना?" पपांनी विचारलं. आपणच लावलेल्या कुलपाबद्दल.

किनाऱ्यावर फोनला रेंज नव्हती. नवरा काही न विचारता उठला आणि त्याने मोटरहोम चढावर घेतलं. वर रस्त्याच्या कडेला थांबून पपांनी शेजारच्या काकूंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण पपांना तसंच ऐकू येतं.

"भावजी, आम्ही चर्चमधली मिस्सा सुटल्यावर आलो होतो," काकू म्हणाल्या. "सगळ्या मिळून. तुम्ही तिकडे गेलात ते माहीत होतं हो, पण तिच्या घरी न जाऊन कसं चालेल? ओट्यावर बसलो थोडा वेळ. तिच्या गोष्टी काढल्या. मग ताटं परत नेली, जिवावर आलं नेताना."

पपा "बरं वहिनी, बरं" म्हणत होते. फोन ठेवला आणि ते रडायला लागले. अंत्यविधीला रडले नव्हते, ते आता रस्त्याकडेला, चश्मा काढून, खांदे हलवत रडत होते. लेकीने वरच्या बिछान्यावरून डोकं खाली काढलं. "आजोबा... तुला दुखतंय?" तिचं मराठी असंच आहे. नवरा तिला घेऊन खाली उतरला, चाकं तपासायच्या निमित्ताने.

मला आधी काकूंचाच राग आला. सांगायची काय गरज होती? मग पपा डोळे पुसून म्हणाले, "मी दोन तारखेला जातो गं."

"कशाला? कोण आहे तिथे?"

"तिला ओळखणारी माणसं आहेत. इथे मी कुणापाशी तिचं नाव काढू?"

"माझ्यापाशी काढा ना! मी तिची मुलगी आहे!" माझा आवाज चढला होता.

पपांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "तू काढू देतेस का?"

जून, जुलै, ऑगस्ट, फोनवर ते "तुझी आई" म्हणाले की मी "पपा, गोळी घेतलीत का?" विचारायचे. नोव्हेंबरपासून तर समोरासमोर. मला वाटायचं, मी त्यांना सांभाळतेय. खरं म्हणजे ते तिचं नाव घेतील तर मी कोसळेन, याची मला भीती होती. त्या सहा-सात महिन्यांत मीही एकदाही रडले नव्हते, आणि त्याचा मला अभिमानच होता.

"तिकीट राहू दे तसंच," मी शेवटी म्हटलं. "दोन तारखेला सोडते तुम्हाला विमानतळावर."

ते नुसते "हं" म्हणाले.

नवऱ्याने गाडी पुन्हा किनाऱ्याकडे घेतली. मी पपांच्या शेजारी बाकावर बसले होते. खिडकीत दुपारचा सगळा समुद्र पसरला होता, इतका उजळ की बघवत नव्हतं. मी विचारलं, "काल पाण्यात उभे होतात तेव्हा काय सांगत होतात आईबद्दल?"

"काही नाही गं," पपा म्हणाले. "एवढं निळं पाणी बघून ती घाबरली असती. तिला पोहता कुठे येत होतं?"

एवढंच होतं ते. मी रडायला लागले. पपांनी मला गप्प केलं नाही.