कच्चा वास, भाजका वास

आमच्या इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गाडीतल्या गांजाच्या वासावर दोन निकाल दिले. पहिला असा, की नुसता जळक्या गांजाचा वास आला म्हणून पोलिसांना गाडीची झडती घेता येणार नाही. दुसरा काही महिन्यांनी आला: वास कच्च्या गांजाचा असेल तर मात्र झडती घेता येईल, कारण गांजा गाडीत वास न सुटणाऱ्या डब्यातच ठेवायचा, असा कायदा आहे. आमच्या घरात गांजा ओढणारं कोणी नाही. तरी मी दोन्ही निकाल जेवताना सविस्तर समजावून सांगितले. कशासाठी, हे बायकोने तेव्हाच विचारलं होतं.

खूश झाली ती फक्त आई. "बरोबरच आहे. कच्चा वास वेगळा, भाजल्यावर वेगळा. जजला स्वयंपाकातलं कळतंय."

आईने अलिबागहून सुका जवळा आणला होता. सगळ्यांच्या कोटांना वास लागतो म्हणून बायकोने तो घरात ठेवू दिला नाही, म्हणून डबा गाडीच्या डिकीत गेला. मग उन्हाळा आला आणि वास गाडीला लागला.

त्याच गाडीतून मुलीला ड्रायव्हिंग टेस्ट द्यायची होती. सोमवारपासून तिची पहिली नोकरी, गावाबाहेरच्या रोपवाटिकेत. तिकडे बस जात नाही. लायसन्स नाही तर नोकरी नाही. त्यात शिकाऊ परमिटवर पोलिसांचं दंडाचं तिकीट मिळालं, की टेस्ट कित्येक महिने पुढे.

टेस्टला जाताना ती चालवत होती, मी शेजारी, आई मागे. समोरून खार पळाली. मी ओरडलो, "थांब!" ती ऐन रस्त्यात थांबली. मागे पोलिसांची गाडी होती.

"बाबा, आता तू बोलू नकोस. प्लीज," मुलगी ओठ न हलवता म्हणाली.

पोलिस खिडकीशी वाकला आणि लगेच सरळ झाला. "हा वास कसला?"

मला दोन्ही निकाल आठवले, फक्त उलटसुलट. "ऑफिसर, जळका नाही!" मी इंग्रजीत ठासून सांगितलं. "कच्चा आहे! पूर्ण कच्चा!"

"कच्चा काय?"

"बाबा!"

"काय विचारतोय तो?" आई मागून म्हणाली.

"वास कसला, विचारतोय."

"मग दाखव की डबा! लपवायला काय झालं?"

त्याने डिकी उघडायला लावली. डब्याचं झाकण काढलं आणि तितक्याच झटकन लावलं. मुलगी शांतपणे म्हणाली, "सुकवलेली बारीक कोळंबी आहे. आजी इंडियाहून आलीय." तो बराच वेळ तिच्या परमिटकडे बघत राहिला. मग त्याने परमिट परत दिलं. "खारीसाठी रस्त्यात थांबायचं नाही. आणि सर, जो चालवतोय त्याला चालवू द्या."

टेस्ट घेणाऱ्या बाईंनी आधी चारही काचा खाली केल्या. पाऊण तास लागेल म्हणून मी बाकावर बसलो, तर त्या वीस मिनिटांत परत. पास! वासाने बाई घाईत आटपल्या, असं माझं मत. मी गाडीत नव्हतो म्हणून नीट झालं, असं मुलीचं.

परत निघताना मी सवयीने पुढचं दार उघडलं.

"मागे बस," ती म्हणाली. "पुढे आजी बसेल. तिला खार दिसत नाही."