गेरूखालचा अशोक

धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात अभिमन नाना वीस वर्षं माळी होते, आणि त्यातली निदान दहा वर्षं एकाच झाडावरून त्यांची थट्टा चालली होती. कंपाउंडलगतच्या सरळसोट उंच झाडांना सगळं धुळं अशोक म्हणे. ग्रंथालयामागे नानांनी स्वतः लावलेलं झाड होतं बुटकं, पसरट, बारमाही हिरवं. कोवळी पालवी तांबूस, ओल्या फडक्यासारखी लोंबणारी. नाना म्हणत, "खरा अशोक हाउच शे." फूल मात्र एकदाही आलेलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात प्राचार्यांनी तिथे सायकल स्टँड ठरवला. वनस्पतिशास्त्राच्या लीलाधर सरांनी रदबदली केली, तेव्हा झाडालाही परीक्षेचं वेळापत्रक मिळालं: मार्चपर्यंत फुललं तर अशोक, नाही तर सायकली.

सर सहज म्हणाले, "जुने कवी सांगतात, सुंदर स्त्रीनं लाथ मारली की अशोक फुलतो."

नानांनी हे शास्त्र समजून घरी नेलं. बायको तानुबाई भाकरी थापत होत्या.

"लात? झाडले? पाप लागई ना!" मग जरा लाजून, "आनि सुंदर बाई म्हनीसन मालेच आवतन का?"

"दुसरी कोन शे मना घरमा?"

उत्तर चुकलं. पुढची भाकरी फारच पातळ झाली.

तरी तानुबाई आल्या. झाडाला हळदकुंकू वाहिलं, क्षमा मागितली आणि ते उत्तर आठवून डाव्या पायानं लाथ मारली. जानेवारी संपत आला, झाड ढिम्म.

सव्वीस जानेवारीसाठी झाडांना गेरू-चुना लागे. इतर झाडं नाना कमरेपर्यंत रंगवत. या लाडक्याच्या गाठी मात्र खुरप्यानं तासून, जाड फांद्यांपर्यंत दोन हात देत. यंदा ते खुरपं आणि ब्रश घेऊन उभे राहिले आणि परत फिरले. पाडायच्या झाडाला काय नटवायचं?

फेब्रुवारीच्या शेवटी नाना शेंडे न्याहाळत असताना तानुबाई डबा घेऊन आल्या.

"वर काय देखी राह्यनात? आठे देखा!"

उघड्या खोडावरच झुबके फुटले होते. काही पिवळे, काही नारिंगी, जुने झालेले लालभडक. सर भिंग घेऊन धावत आले.

"या पाकळ्या नाहीत, नाना. पाकळ्या याला नसतातच. हा रंगीत निदलपुंज, म्हणजे कळीचं बाहेरचं वेष्टन. आणि कळ्या येतात जुन्या लाकडावर, या गाठींतून..."

नानांनी खुरप्याकडे पाहिलं.

"म्हंजे दरसाल मीच तासत व्हतू?"

आधी सर हसले, मग नाना, मग हसू डोळ्यांतून वाहू लागलं. तानुबाईंना हे शास्त्र मान्य नव्हतं. "खुरपंबिरपं काही नई. मनी लात शे ती!"

स्टँड कँटीनमागे गेला. पुढच्या सव्वीस जानेवारीला सगळी झाडं गेरूत नटली, हे एकटं उघडं. नानांनी त्याला पाटी लावली आणि बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली: "या झाडास हात लावू नये."

"हातच ना? मंग ठीक शे," म्हणत तानुबाईंनी डाव्या पायातली चप्पल काढली.