खांबावरची माती

नव्या क्रीडासंकुलाच्या दारातच मला वास आला: ताज्या पॉलिशचा, गोडसर, घशाला चिकटून राहणारा. बंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या मुलींच्या कॉलेजात पूर्वी या जागी उघडं मैदान होतं आणि त्याला एकच वास होता, पाणी मारलेल्या तांबड्या मातीचा. आता वर पत्र्याचं उंच छत, खाली निळी मॅट, भिंतीलगत चषकांची काचेची कपाटं. जुन्या मैदानावरून आत आले होते ते फक्त खो-खोचे दोन सागवानी खांब.

त्या खांबांना कधी रंग लागला नव्हता. संघात नव्याने आलेल्या मुलीने पहिल्या सामन्याआधी ओंजळभर माती घेऊन खांब चोळायचा, हा आमचा रिवाज. पिढ्यांच्या तळव्यांनी ते कमरेच्या उंचीवर काळपट झाले होते, किंचित बारीकही. हात तिथे पोचला की आपण खांबाला धरलं आहे की खांबाने आपल्याला, हे कळत नसे.

त्या सकाळी ते आरशासारखे चकाकत होते.

"कसे दिसतात?" अक्काने कौतुकाने विचारलं. मी शिकत असताना ती आमची कप्तान होती. आता त्याच कॉलेजची क्रीडासंचालिका, अंगावर मोरपंखी म्हैसूर सिल्क. तो काळपट पट्टा पाहुण्यांना मळ वाटेल, म्हणून तिने सुतार बोलावून खांबांवर पॉलिश चढवून घेतलं होतं. ज्या खांबावर झेपावून तिने अर्धं आयुष्य गडी टिपले, त्यालाच तिने मायेने हात न ठरेलसं करून ठेवलं होतं.

माझी भाची, आता याच कॉलेजच्या संघातली, खांबाजवळ उभी होती. तिने एक बोट लाकडावरून खाली ओढलं, मग ते बोट निरखून पाहिलं.

उद्घाटनाचा सामना म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम लढत होती, आणि बनशंकरी भागातल्या घरी माझी बहीण देवासमोर बसली होती. लेकीच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली, पण सांगून ठेवलं: गुडघ्यातला अस्थिबंध पुन्हा फाटला तर खेळ कायमचा संपेल. आणि तिचा सगळा खेळ खांबावरच्या झेपेत होता. एका हाताने खांब धरून देह हवेत फेकायचा, दुसऱ्या हाताने पळत्या गड्याला टिपायचं. तो धरलेला हात सुटला तर सगळा भार गुडघ्यावर.

पहिल्याच पाठलागात तो सुटला. लाकडावरून तळवा घसरल्याचा चीं असा आवाज मला प्रेक्षकांतही ऐकू आला. ती कमरेवर आपटली. उठून बसली आणि झोपलेलं बाळ जागं तर झालं नाही ना, अशा नजरेने गुडघ्याकडे पाहत राहिली.

त्यानंतर तिने झेप घेतलीच नाही. खांबापर्यंत धावायची, हात लावायची आणि थांबायची. समोरच्या मुलींना ते तेव्हाच उमगलं. त्या मुद्दाम खांबाशी येऊन रमतगमत वळू लागल्या. त्यांच्या कप्तानाने तर कन्नडमध्ये हाकच दिली, "अज्जी, स्वल्प निधान!" आजीबाई, जरा जपून. त्यांचा बाक हसला. माझ्या जिभेवर पॉलिशचा वास कडू होऊन उतरला.

मध्यंतराला मी अक्काकडे गेले. तिलाही सगळं दिसत होतं. पण समोर पाहुणे बसले होते आणि सामन्यानंतर त्या खांबांनाच हार घालायचा होता. भर सभेत खांब खरवडायचे कसे, असं ती पुटपुटली.

मी म्हटलं, "अक्का, तू आज या खांबावर झेप घेशील?"

ती उठली. पदर खोचून मॅटवर गेली, खांबाला हात घालून अंगाचा भार टाकला. बांगड्या लाकडावर खणखणत खाली घसरल्या. क्षणभर ती तशीच वाकून राहिली.

"सरी," ती म्हणाली. बरं.

पंचांचं म्हणणं होतं, दोन्ही कप्तान राजी असतील तरच. आता पाठलाग आमचा होता. खांब गुळगुळीत राहण्यात समोरच्यांचाच फायदा. त्यांच्या कप्तानाने आपला तळवा उलटा-सुलटा करून पाहिला. त्यांच्या पाठलागात तोही घासून लाल झाला होता.

"घासा," ती म्हणाली. "पण मग अज्जीला सबब राहणार नाही."

सुताराचा पॉलिशपेपर कोपऱ्यात पडलेला होता. अक्काने स्वतः एका खांबाची चकाकी खरवडली, मी दुसऱ्याची. पांढरी भुकटी तिच्या रेशमावर, माझ्या पापण्यांवर. मागच्या भिंतीलगत जुन्या मैदानाची अरुंद पट्टी उरली होती. तिथली माती आणायला भांडं मिळेना, तेव्हा अक्काने कपाट उघडून एक चषक काढला. तो भरून आला तसा भाचीने तिच्या हातातून घेतला.

"मी चोळते," ती म्हणाली. "माझं राहिलंय."

खरंच राहिलं होतं. ती संघात आली तेव्हा मैदानावर खोदकाम सुरू झालं होतं. तिने कोरडी, तांबडी माती दोन्ही तळव्यांनी लाकडात जिरवली, हलकेच फडक्याने पुसली.

पाठलाग सुरू झाला. कितीतरी वेळ ती खांबाशी येऊन थांबतच राहिली. मग खो मिळाला. समोरची कप्तान खांबाला वळसा घालत होती, वेणी मागे उडत होती. भाचीने डाव्या पायावर उसळी घेतली. मी गुडघ्याकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. तो ठरला. तिचा देह खांबाभोवती धनुष्यासारखा वाकला आणि बोटं वेणीच्या टोकाला लागली.

सामना आम्ही पुढे थोडक्यात हरलो. पण त्या क्षणी ती मॅटवर बसलेली, श्वास चढलेला, गुडघा दुमडून पुन्हा सरळ करत. बाद झालेली कप्तान बाहेर जाता जाता थबकली.

"ऊठ, अज्जी," म्हणत तिने हात पुढे केला.

भाचीने उजवा हात दिला. डावा तिने अजून खांबावरून काढला नव्हता.