न हलणारा आकडा

प्रयोगशाळेत आज सौम्य आम्लाची ताकद मोजायची होती. खाली बीकरमध्ये व्हिनेगर, वर ब्युरेटच्या उभ्या नळीत कॉस्टिक सोडा. माझी विद्यार्थिनी ऋतुजा थेंब थेंब सोडत होती आणि पीएच मीटरचा आकडा जेमतेम हलत होता.

"मॅडम, याला काही फरकच पडत नाहीये. जास्त सोडू का?"

"नको. हळूच सोड."

सौम्य आम्ल बराच वेळ सगळं पोटात घेतं. त्या शांत टप्प्यातच त्याची ताकद कळते. मग एका थेंबाला आकडा एकदम उसळतो, आणि तो थेंब दिसायला आधीच्या थेंबांसारखाच असतो.

आकडा उसळला तेव्हा ऋतुजा दचकली. मला घर आठवलं. माझी मुलगी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसते आहे. "किती झालं गं आज?" मी रोज विचारते. "चाललंय, आई," ती रोज त्याच आवाजात सांगते. त्या न हलणाऱ्या आवाजावर मी इतके महिने निर्धास्त होते.

संध्याकाळी ती जेवायला बसली. प्रश्न ओठांवर आला, तो मी गिळला. तिच्या पानात भाजी वाढली.

"आज विचारलं नाहीस?" ती म्हणाली.

आवाज रोजचाच होता.