हॉटेलवाल्याचा नारळ

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'राजकीय सल्लागार' असं छापलेलं आहे. कुडाळात त्याचा अर्थ कोणालाच नीट लागत नाही. शेजारच्या काकूंना वाटतं, मी इलेक्शनच्या बॅनरवरचा मजकूर लिहून देते. बऱ्याच पुढाऱ्यांनाही पहिल्या भेटीत तसंच वाटतं. माझं खरं काम म्हणजे समोरच्याची दुखरी नस शोधायची आणि ती गिऱ्हाइकाला दाखवायची. ते मी पेपरात शिकले. तिशी उलटेपर्यंत जिल्ह्याच्या एका दैनिकात बातमीदारी केली. बातमीदाराशी माणसं किती मोकळं बोलतात हे ज्याने पाहिलं नाही, त्याला माणसांबद्दल आदर राहू शकतो. माझा राहिला नाही. मान डोलावत ऐकलं, की भावकीच्या भानगडींपासून मूळव्याधीपर्यंत लोक सगळं सांगतात. त्यातलं निम्मं छापता येत नाही. पेपर सोडला तेव्हा हे निम्मं मी बरोबर घेऊन आले आणि त्यावर माझं दुकान चालतं.

किनाऱ्यावरच्या ज्या गावाची ही हकिकत आहे, त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथल्या बायका मला बांगडे महाग लावतील. त्या गावात एक हॉटेलवाला आहे. पर्यटकांसाठी खोल्या, समुद्रात फिरवायला बोटी, आणि दर वर्षी थोडा आणखी पातळ होणारा सुरमईचा तुकडा. त्याच्या हॉटेलाला लागून वाळूचा मोकळा पट्टा होता. तिथे गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मासळी सुकत घालायच्या. हॉटेलवाल्याला तिथे तंबू ठोकायचे होते, कारण मुंबई-पुण्याच्या लोकांना समुद्र हवा असतो आणि सुक्या मासळीचा वास नको असतो. जागा सरकारी, त्यामुळे ग्रामपंचायतीचा ठराव लागणार. मग ठरावासाठी सरपंचच व्हायचं असं त्याने ठरवलं आणि मला बोलावलं.

त्याच्या विरोधात उभी होती एक मासे विकणारी बाई. तिच्याकडे बॅनर नव्हते. प्रत्येक दारात ती एकच वाक्य बोलायची, "जागा गेली तर मासळी काय तुमच्या डोक्यार सुकत घालूची?" लोक हसायचे आणि 'मत तुलाच' म्हणायचे. मी घरोघर फिरून अंदाज घेतला. हॉटेलवाला सपशेल आपटणार होता.

"म्याडम, तिचा कायतरी शोधून काढा," तो म्हणाला. "तुम्ही पेपरातली माणसां."

मी शोधलं. बाई धुतल्या तांदळासारखी निघाली. असली माणसं आमच्या धंद्याला जड जातात. शिव्या घालायला जागाच नसते. मग मला तिचा सासरा आठवला.

सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे होता. कोणी नारळ घेऊन आलं, की त्याच्या वतीने आबांनी देवाला मोठ्याने मागणं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बातमीदार असताना मी त्यांच्यावर रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला होता. मी त्यांच्या ओट्यावर बसून कोकम सरबत पीत होते आणि ते मला 'चेडवा', म्हणजे पोरी, म्हणत आपले नियम सांगत होते.

"कोणाचो नारळ परत करूचो नाय, चेडवा. वैरी इलो तरी तेच्यासाठी मागूचा, आणि मनापासून मागूचा. आपल्या घरच्यासाठी मात्र तोंड उघडूचा नाय. तो सोवार्थ झालो."

तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. वय लहान होतं.

हॉटेलवाल्याला मी सांगितलं, "प्रचाराचा नारळ आबांच्या हातात द्या. गाऱ्हाणं त्यांना घालायला सांगा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्याडम, तो तिचो सासरो."

"म्हणूनच."

समजायला त्याला सबंध चहा लागला. समजल्यावर तो जे हसला, ते पाहून मला त्याची किळस आली. माझी फी मी त्यानंतर वाढवून सांगितली.

प्रचाराच्या पहिल्या दिवशी सकाळीच सुनेने देवळात नारळ ठेवला. घरची उमेदवार म्हणून आबा बाजूला बसून राहिले आणि दुसऱ्या एका मानकऱ्याने तिचं गाऱ्हाणं घातलं. त्याचा आवाज बारीक, शब्द निम्मे गिळलेले. तिच्या बाजूच्या बायका सभामंडपात प्रसाद वाटत असतानाच आम्ही आत शिरलो. ती वेळ मीच साधली होती. हॉटेलवाल्याने पांढरा शर्ट घातला होता आणि चेहऱ्यावर जमेल तेवढी भक्ती आणली होती. तो थेट आबांसमोर गेला आणि नारळ पुढे केला.

आबांनी नारळाकडे पाहिलं. मग खांबापाशी मी उभी होते तिकडे त्यांची नजर गेली.

"कधी इलंस गो चेडवा?" त्यांनी विचारलं. आवाजात माया होती. त्यांना वाटलं, मी लेख लिहायला आले आहे.

सून हातात प्रसादाचं ताट घेऊन तिथेच उभी होती. सासऱ्याकडे बघून तिने मान अगदी थोडीशी हलवली. नको, असं ती सांगत होती. आबांना ते दिसलं. मलाही दिसलं. त्यांनी नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा," ते उभे राहिले आणि त्यांचा आवाज सभामंडपभर घुमला, "आज ह्यो तुझो लेकरू नारळ घेवन तुझ्या पायाकडे इलो आसा. इलेक्शनाक उभो रवलो आसा. तेच्या वाटेत जा काय आडवा-उभा आसात ता दूर कर. तेच्या हातातल्या कामाक येस दी, आणि तेका चार माणसांत मान दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

देवासमोरचं मागणं अडवायचं नसतं, म्हणून तिच्या बायकाही ते म्हणाल्या. तीही म्हणाली. मी सगळं मोबाईलवर टिपत होते, त्यात तिचे ओठ हललेले स्पष्ट दिसतात. मी त्या व्हिडिओत शोधून तेवढा भाग ठेवला.

व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सोडला आणि त्याखाली मी ओळ टाकली : 'सासऱ्याचा आशीर्वाद नक्की कोणाला?' प्रश्नचिन्ह लावलं, की खोटं बोलल्याचं पाप लागत नाही, हे शिक्षण मला पेपराच्या टेबलावर मिळालं. आबांचा नियम गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होता. पण मतदानाला गाड्या करून येणाऱ्या चाकरमान्यांना देव ठाऊक असतो, देवळातले नियम नसतात. घरचंच माणूस हिच्या बाजूने नाही, म्हणजे काहीतरी असणार, एवढं त्यांना पुरलं. गावातल्यांचंही हळूहळू तेच झालं. नियम सगळ्यांना माहीत होता, तरी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून नियम पातळ होत गेला.

हॉटेलवाला निवडून आला. पहिल्याच काही बैठकांत ठराव झाला, वाळूच्या पट्ट्याला तारेचं कुंपण पडलं. आता बायका रस्त्याच्या कडेला मासळी सुकत घालतात आणि गाड्यांची धूळ तिच्यावर बसते.

आबांनी पैसे खाल्ले, ही अफवा मी पसरवली नाही. तेवढे कष्टच घ्यावे लागले नाहीत. त्या वर्षी त्यांनी घराची कौलं परतून घेतली, काजूच्या पैशांतून, पण काजू कोणी मोजायला गेलं नाही. लोक नारळ दुसऱ्या मानकऱ्याकडे नेऊ लागले. आबांना कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "देवाक म्हायत." असल्या उत्तराने जगात कोणी कधी सुटला आहे का? घरात सून त्यांच्याशी बोलायची बंद झाली. आजवर स्वयंपाकघरात बसून जेवणाऱ्या माणसाचं ताट ती बाहेर पडवीत नेऊन ठेवायची, आणि खाली ठेवताना आवाज करायची. हे मला गावातल्या माझ्या माणसाने फोनवर हसत सांगितलं. मीही हसले असेन. तेव्हा मी पुढच्या गावाच्या इलेक्शनात होते.

मग एकदा कुडाळच्या आठवडा बाजारात ती मला दिसली. सुके बांगडे आणि सुकट घेऊन बसली होती. मी वाट बदलणार होते, पण तिने हाक मारली.

"बस हय. एक विचारूचा आसा."

मी उकिडवी बसले. तिचा चेहरा उन्हाने रापला होता. आवाज मात्र शांत होता.

"आबांनी तेच्याकडून पैशे घेतले काय? तुका म्हायत आसतला. खरा सांग."

"तुम्हाला त्यांचा नियम माहीत नाही का?"

"नेम माका म्हायत आसा. नारळ परत करूचो नाय, ता कळला. पण तो आवाज? माझ्या लग्नाक गाऱ्हाणा घातला नाय, घरचा म्हणान. चार वर्सा मूल नव्हता, तेव्हाय घातला नाय. आणि तेच्यासाठी इतक्या मनापासून?"

मी खरं सांगायचं ठरवलं. कणव आली म्हणून नव्हे. गावभर लोक म्हणत होते की हॉटेलवाल्याने पैशाने म्हातारा फोडला, आणि माझ्या डोक्यातून निघालेल्या डावाचं श्रेय त्याच्या पाकिटाला जात होतं. ते मला कधीपासून खुपत होतं. म्हणून मी सरळ तिच्या बोलीत बोलले, म्हणजे खोटं वाटायला नको.

"एक पैसो घेवक नाय तेंनी. वैरी इलो तरी मनापासून मागूचा, ह्योय तेंचोच नेम. माका तेंनी स्वतः सांगितलेलो, पेपरात होतंय तेव्हा. म्हणान तर मी हॉटेलवाल्याक तेंच्याकडे धाडलंय. सगळी अक्कल माझी. आबांचो काय एक दोष नाय."

आता ती रडेल किंवा मला शिव्या घालेल, असं मला वाटलं. दोन्हींची तयारी मी केली होती. शिव्या खायची तर मला सवय आहे.

"ह्या सांगूचे किती दिल्यानी तुका?" तिने विचारलं.

मी म्हटलं, देवाशपथ, कोणी काही दिलं नाही. माझा आवाज चढला. शेजारची भाजीवाली वळून बघू लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी फुकटात खरं बोलत होते, आणि मला पटवता येत नव्हतं. तिने मान खाली घातली आणि बांगड्यांवरच्या माशा हाकलायला लागली.

"जा बाय," ती म्हणाली, "धंद्याचो टाइम आसा."

आबा अजून पडवीतच जेवतात.