'बंद' घरातली बाई

मंडळी, कापडे गावाहून आत्ताच महाडला परत आले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमच्या सर्वेक्षणात माहिती मिळाली नाही तरी भेटीची नोंद टॅबवर राहते: कधी गेलो, किती वेळ थांबलो. लोक माहिती का देत नाहीत, हे त्या नोंदींवरून शोधणं माझं काम. कापड्यात बरीच घरं 'बंद' नोंदली होती, पण घरोघर जाणारे आमचे सुर्वे त्या बंद दारांपुढे चांगला वेळ थांबलेले दिसत होते. मला वाटलं, नोंदी खोट्या आहेत. सकाळी फोनवर त्यांना नको नको ते बोलले आणि स्वतःच निघाले.

पहिल्याच 'बंद' घराच्या ओटीवर एक बाई तांदूळ निवडत होती. सर्वेक्षणाचं कुणी आलं होतं का, असं तिला विचारलं.

"आलेले ना ते. पाणी पिऊन गेले. घरात कोणी हाय का इचारलं. मी बोलले, कोणी नाय. मालक मुंबयला असतात."

"पण तुम्ही होतात ना?"

"मी हाय की. पण माझं काय लिवणार तुमी?"

कर्ता पुरुष नसेल तर 'घर बंद' लिहा, हे सुर्व्यांना मीच शिकवलं होतं. मी स्वतः बाई असून.

तिथूनच फोन करून सुर्व्यांची माफी मागितली. मग ओटीवर बसून तिला सगळे प्रश्न विचारले. एकाही उत्तरासाठी तिला मालकांना फोन करावा लागला नाही.

तुमच्या घरी बाई एकटी असताना कुणी हाक मारली, तर आतून काय उत्तर येतं? माझंही 'कोणी नाही' हेच असतं, हे परतताना लक्षात आलं.