बंडीचा आतला खिसा

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. तो तसाच गेला. मुलीला सांगितलं नाही. चर्चमध्ये दर महिन्याला पापनिवेदनाला जात होते, गुडघे टेकून राग, चहाडी, शेजारणीचा हेवा — सगळं भडाभडा सांगत होते. हे एवढं मात्र गिळून उठायचे. आज लिहायला बसले आहे. चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे लिहिणं सरळ होईलच असं नाही. तुम्ही समजून घ्या. म्हणजे लिहिणं समजून घ्या, मला नाही.

मी मस्कतला गेले तेव्हा माझी मुलगी दहावीला होती. तिथल्या अल हैल भागात आमच्याच वसईकडचं एक कुटुंब होतं, डॉमनिक आणि लीना. डॉमनिक बौशरला ऑफिसात होता, लीना शाळेत शिकवायची. त्यांच्या घरचा स्वयंपाक, धुणं, दोन मुलं — हे माझं काम. मुलं आपसात इंग्रजीत भांडायची आणि माझ्याशी मराठीत बोलायची ती फक्त भूक लागली की. त्या घरात मी चौदा वर्षं काढली. माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं नाही. याचा मला गर्व होता. का सांगते आहे? पुढे लागणार आहे म्हणून.

डॉमनिकचे मामा धर्मगुरू होते. सगळे त्यांना फादरमामा म्हणायचे, मी नुसतं फादर. उंच, हाडकुळे, जेवताना पुस्तक उघडं ठेवणारे. येशू ज्या भाषेत बोलायचा ती भाषा त्यांना येत होती. इराकमधल्या ख्रिस्ती लोकांकडे त्या भाषेतली हाताने लिहिलेली जुनी पुस्तकं आहेत, आणि फादरांचं सगळं आयुष्य त्या पुस्तकांमागे गेलं. मग इराकची लढाई झाली. परदेशी सैन्य तिथे ठाण मांडून बसलं आणि गावोगाव लूट सुरू झाली. लोकांनी चर्चमधली पुस्तकं आपापल्या घरी नेऊन लपवली. कोणी पिठाच्या पिंपात, कोणी गाद्यांच्या आत. फादर म्हणाले, ही माणसं उद्या देश सोडून जातील, मग पुस्तकं कुठे आहेत ते सांगायला कोण उरणार? म्हणून ते भाच्याकडे येऊन राहिले आणि इथून जायला लागले — मस्कतहून विमानाने अम्मानला, तिथून दिवसभर गाडीने बगदादला, आणि पुढे उत्तरेकडच्या गावांत.

पहिल्यांदा निघाले तेव्हा त्यांनी आपली खाकी बंडी माझ्यापुढे टाकली.

"फिलूबाय, आतून एक खिसा लावून दे. छातीपाशी. बाहेरून दिसता कामा नये."

"काय ठेवणार फादर, सोनं?"

"सोनं असतं तर लीनाने मला जाऊ दिलं असतं का? वही ठेवणार."

मी उशीच्या जुन्या अभ्र्याचं कापड घेतलं आणि दुहेरी दोऱ्याने खिसा शिवला. माझ्या हाताने. हे लक्षात ठेवा. तो खिसा जगात दोनच माणसांना माहीत होता.

तीन महिन्यांनी ते परत आले ते तापाने फणफणलेले. दोन दिवस उठले नाहीत. मी त्यांची बॅग उपसली आणि कपडे मशीनमध्ये घातले. बंडीसुद्धा. मी घाईत होते का? नव्हते. कोणी मला बोललं होतं का, डोकं ठिकाणावर नव्हतं का? सगळं ठिकाणावर होतं. बाहेरचे खिसे मी तपासले. आतला नाही. बस.

मशीन थांबल्यावर दार उघडलं तर सगळ्या कपड्यांवर पांढरे कण. बंडी उचलली ती जड लागली. आत हात घातला — ओला लगदा, निळा.

फादर त्या वहीबद्दल तापातही बोलत होते. कुठलं पुस्तक कुठल्या गावात, कोणाच्या घरी, हे सगळं त्या एका वहीत होतं. नाक्यांवर बॅगा उघडतात, पुस्तकांचे चोर वास काढत फिरतात, म्हणून दुसरी नक्कल केली नव्हती. ती ते अल हैलला बसून करणार होते.

आणखी एक आहे. हे लिहिताना दोनदा उठले, भांडी आवरली, परत बसले. सगळी वही गेली नव्हती. मधली आठ-दहा पानं एकमेकांना चिकटली होती, पण शाई होती. उन्हात वाळत घातली असती तर वाचता आली असती. मस्कतचं ऊन, गच्चीवर अर्ध्या तासात चादर वाळते. पण ती पानं दिली असती तर बाकीची कुठे गेली तेही सांगावं लागलं असतं ना? मी सगळं एका पिशवीत बांधलं आणि भर दुपारी बाहेर पडले. मशिदीच्या पलीकडे कचऱ्याची मोठी पेटी होती. वाटेत तीनदा उलटी फिरले. चौथ्यांदा टाकून आले. परत आल्यावर बंडीचे कण एकेक करून काढले आणि तिला इस्त्री केली.

कशाला भ्याले मी? व्हिसा गेला असता? नाही. डॉमनिक मला परत पाठवणारा माणूस नव्हता, आणि फादर तर ओरडणारेही नव्हते. लीना फार तर म्हणाली असती, "अगं फिलूबाय, तू पण?" ते "तू पण" मला ऐकायचं नव्हतं. एवढंच होतं ते. याहून मोठं कारण मी कितीतरी वर्षं शोधलं. सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी फादर भिंतीला धरत स्वयंपाकघरात आले.

"बंडीत वही होती का?"

"नाही फादर. खिसा रिकामा होता. मी स्वतः बघितला की."

नाही म्हटलं होतं, तेवढं पुरलं असतं. ते "स्वतः बघितला" कशाला जोडलं? खोटं बोलणाऱ्याला एक वाक्य कधी पुरत नाही.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मग आठवायला लागले. शेवटची रात्र कुठे काढली? उत्तरेकडच्या एका मठात. तिथे उशीखाली राहिली असणार. हां, तिथेच. दिवसभर ते येरझाऱ्या घालत होते आणि मी त्यांच्या पायांचा आवाज ऐकत मासे साफ करत होते.

रात्री जेवताना डॉमनिकचा आवाज चढला. "फादरमामा, खलास! गेली ती वही. तिथे माणसं मरतायत आणि तुम्ही वही शोधायला निघालात?"

"वहीत माणसंच आहेत रे," फादर म्हणाले. "त्यांच्या घरांचे पत्ते आहेत. भलत्या हातात पडली तर?"

मी कालवण वाढत होते. डाव माझ्या हातात होता. तेव्हा बोलायला काय लागलं असतं? चार शब्द. मी फादरांना विचारलं, अजून एक तुकडी वाढू का.

ते गेले. तिकडे त्यांची गाडी गोरगीस नावाचा माणूस चालवायचा. त्याच्याविषयी आम्ही सगळं ऐकलं होतं. चर्चमध्ये घंटा वाजवायचा, तीन मुलींचा बाप, गाडी चालवताना तोंडात सिगारेट आणि वर अखंड बडबड. मी दिलेलं लिंबाचं लोणचं फादरांनी त्याला चाखवलं तर त्याने अख्खी बाटली ठेवून घेतली होती. या खेपेला मी दोन दिल्या. बघा, एवढं सुचलं मला.

ते दोघं मठाकडे निघाले. त्या मठात वही नव्हती. असणार कशी? रस्त्यावर सैनिकांचा नवा नाका बसला होता. संध्याकाळ, ऊन सरळ डोळ्यांत. सैनिकाने वर केलेला हात गोरगीसला उशिरा दिसला. ब्रेक दाबेपर्यंत गोळ्या आल्या. फादर मागे बसले होते म्हणून वाचले, एक कान कायमचा गेला. गोरगीस तिथेच संपला.

फादर परत आले आणि हे त्यांनी जेवणाच्या टेबलावर सांगितलं, पाण्याच्या पेल्याकडे बघत. लीना रडली. मी रडले नाही. मला रडायचा काय हक्क? मी आत जाऊन कणीक मळली, कोणाला नको होती तरी.

नसलेली वही शोधायला गेला तो माणूस. कधी कधी मनात यायचं, खरं सांगितलं असतं तरी फादर पुन्हा गेलेच असते, नवीन वही करायला. गेले असते. पण त्या संध्याकाळी, त्या रस्त्याने, त्या मठाकडे नाही.

पुढची तीन वर्षं ते अल हैललाच बसून आठवून आठवून लिहीत होते. निम्मंही जमलं नाही. पत्रं पाठवायचे तर ती माणसं घरं सोडून गेलेली. मी त्यांना चहा द्यायचे, बऱ्या कानाच्या बाजूने उभी राहून. मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि मुंबईला ऑपरेशन ठरलं. त्या ऑपरेशनमधून ते उठले नाहीत.

तुम्हाला वाटेल, हेच सांगायचं होतं. मलाही आत्तापर्यंत तसंच वाटत होतं. पण ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळं आहे.

ते मुंबईला निघायच्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी ताट वाढलं. ते जेवायला बसेनात. मला समोरच्या खुर्चीवर बस म्हणाले. त्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते. उभीच राहिले.

"फिलूबाय, मला तुझी माफी मागायची आहे," ते म्हणाले. "गोरगीस गेल्यावर मला दोष द्यायला कोणीतरी हवं होतं. मी मनात तुला धरलं. म्हटलं, हिने वहीसकटच बंडी धुतली असणार, वही हिनेच घालवली आणि खोटं बोलली. तीन वर्षं तुझ्या हातचं जेवलो आणि मनात तुला खुनी म्हणत राहिलो. मी धर्मगुरू आहे. एका प्रामाणिक बाईबद्दल असं मनात ठेवून मी ऑपरेशनला जाऊ शकत नाही. मला माफ कर."

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. सत्तरीतला माणूस. त्या हातांतून मी कितीदा ख्रिस्तप्रसाद घेतला होता.

तोंड उघडायला याहून बरी वेळ देव आणखी कोणती देणार होता? घरात कोणी नव्हतं. समोर धर्मगुरू बसले होते. खरं काय ते त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं होतं, मला नुसतं "हो" म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "असू दे, फादर. मी तुम्हाला माफ केलं."

त्यांचा चेहरा हलका झाला. ताट पुढे ओढलं आणि पोटभर जेवले. भात दोनदा मागून घेतला. मी वाढला.